मीठ, ढग आणि गावकुसाबाहेरचा माणूस

आपल्याकडे समीक्षा म्हटली की कविता, कथा, आत्मकथन यांचीच, असे ठरून गेले आहे. अहवालाची समीक्षा कुणी करीत नाही. वास्तविक अहवाल हेही लेखनच असते. त्यालाही निवेदक असतो. कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला वेशीबाहेर ठेवायचे, याचा निर्णय तिथेही कुणीतरी घेतलेला असतो. दलित साहित्याने मराठी कथा-कवितेला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की तुमच्या या गावात आम्ही कुठे आहोत? तोच प्रश्न मला आज एका वेगळ्या लेखनाला विचारायचा आहे. हे लेखन म्हणजे पाऊस पाडण्याच्या प्रयोगांचे अहवाल, शोधनिबंध आणि सरकारी घोषणा.

मी पारनेर तालुक्यातला. नगर जिल्ह्याचा उत्तर भाग उसाचा, साखर कारखान्यांचा. आमचा भाग बाजरी, हुलगा, मटकी आणि अलीकडे कांद्याचा. सह्याद्री पाऊस अडवतो आणि ढग आमच्या डोक्यावरून नुसते निघून जातात. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. मी लहान होतो. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी यांची चव अजून जिभेवर आहे. आमच्या नावावर जमीन नव्हती. तरी पाऊस मागण्याचे काम मात्र आमच्या वस्तीकडे होते. मृग कोरडा गेला की आमच्या वाड्यातल्या एखाद्या पोराला लिंबाचा पाला बांधून धोंडी म्हणून गावात फिरवीत. दारोदारी त्याच्या अंगावर पाणी ओतीत. एरवी ज्या अंगाची सावली चालत नव्हती, ते अंग त्या दिवशी ओले करण्यापुरते चाले. पाऊस आलाच, तर तो ज्यांच्या शेतावर पडे ती शेते दुसऱ्यांची. पाऊस पाडण्याच्या उद्योगात आमची भूमिका ही अशी जुनी आहे.

आता विमानाकडे वळू.

पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात, मधली काही वर्षे वगळून, अकरा पावसाळे एक प्रयोग केला. पुण्याच्या पूर्वेला, बारामतीच्या बाजूला पसरलेला हा पर्जन्यछायेचा मुलूख. कुकडी आणि घोड ओलांडली की आमचा तालुका. विमानातून ढगात बारीक दळलेले मीठ सोडायचे. मीठ दमट हवेत गोळा होऊ नये म्हणून त्यात थोडी शंखजिऱ्याची पूड मिसळायची. दहा भाग मीठ, एक भाग शंखजिरे. मिठाचा कण ओल धरतो, त्याचा मोठा थेंब होतो, मोठा थेंब खाली येताना लहान थेंबांना गिळत येतो आणि पाऊस होतो, असा त्यामागचा विचार. विचार साधा आहे आणि शास्त्राला धरून आहे. ज्या मिठावर आमची भाकर निघे, तेच मीठ आभाळात नेले होते.

प्रयोगाची रचना मात्र बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. सगळ्या प्रदेशाचे तीन भाग केले होते : उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मधला. ज्या दिवशी ढग योग्य असतील त्या दिवशी मीठ उत्तरेकडे सोडायचे की दक्षिणेकडे, हे शास्त्रज्ञ आपल्या मर्जीने ठरवीत नसत. ते चिठ्ठी टाकावी तसे दैवगतीवर सोडलेले असे. एका भागात मीठ पडे, दुसरा कोरा राही. मग दोन्हींकडचा पाऊस मोजायचा आणि ताडून पाहायचा. मधल्या पट्ट्यात काहीच करायचे नाही. एका भागातले मीठ वाऱ्याने दुसऱ्या भागात जाऊ नये, म्हणून तो सोडलेला. शास्त्राच्या भाषेत याला संसर्ग टाळणे म्हणतात. हा शब्द वाचताना मी थबकलो, हे कबूल करतो. विटाळ टाळण्यासाठी मध्ये मोकळी जागा सोडणे आम्हाला नवे नाही. पण इथला संसर्ग खरा आहे. वारा खरोखरच मीठ नेतो. केवळ शब्दावरून शास्त्रज्ञांना दोष देणे हे समीक्षेचे काम नव्हे.

अकरा पावसाळ्यांचा हिशेब मांडून संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : मीठ पेरलेल्या भागात सुमारे २४ टक्के अधिक पाऊस. ही वाढ निव्वळ योगायोगाने दिसली असण्याची शक्यता त्यांनी चार टक्के इतकी काढली.

हे लेखन मी समीक्षक म्हणून वाचतो तेव्हा त्यात ढग आहेत, थेंबांची मापे आहेत, पर्जन्यमापके आहेत, लक्ष्य क्षेत्र आहे, नियंत्रण क्षेत्र आहे. माणूस नाही. त्या हजारो चौरस किलोमीटरांत गावे होती, गावांना वाडे होते आणि वाड्यांत रोजावर जगणारी माणसे होती. त्याच वर्षांत, त्याच आभाळाखाली, दुष्काळी कामावर आणि पुढे रोजगार हमीवर आमच्या आया पाझर तलावांची माती वाहत होत्या. वर विमान जात होते. ते का जाते, हे खाली कुणाला ठाऊक नव्हते.

शोधनिबंधात माणूस कशाला हवा, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, थेंबाच्या मापात माणूस नसतो. पण प्रयोग आखताना काय मोजायचे हे ठरते, आणि जे मोजायचे ठरत नाही ते पुढे कधीच कळत नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात विमाने पुन्हा उडाली तेव्हा मी हा जुना प्रयोग आईला समजावून सांगितला. ती थकली होती, पण कान आणि डोके शाबूत होते. चिठ्ठीची गोष्ट तिला एका दमात कळली. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "आरं, पण पाऊस आला की काम बंद व्हायचं. त्या दिसाची हजेरी कोण भरीत व्हतं?" आणि मग, "ज्येंच्यावर मीठ न्हाई पडलं, त्येंना कुणी सांगितलं व्हतं का?"

अक्षरओळख नसलेल्या बाईचे हे दोन प्रश्न मला अकरा पावसाळ्यांच्या अहवालात सापडले नाहीत. पहिला प्रश्न परिणामाचा आहे. पाऊस वाढला तर तो सगळ्यांना सारखा वाढत नाही. विहीरवाल्याची विहीर भरते. मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो. वीटभट्टीवरच्या कच्च्या विटा विरघळतात. खळ्यावरचा कांदा भिजतो. पत्र्याच्या घरात पाणी येते. पुढे सुगी चांगली झाली तर मजुरालाही काम मिळते, हे खरे. म्हणूनच मोजायला हवे होते की कुणाच्या पदरात किती आले. दुसरा प्रश्न संमतीचा आहे. माणसाच्या अंगावर औषध तपासायचे तर त्याला आधी सांगावे लागते, त्याची सही घ्यावी लागते. मुलखाच्या अंगावर प्रयोग करताना मुलखाला विचारायचे की नाही?

आता दुसरी बाजू. मी ज्या प्रयोगावर टीका करतो आहे, तो प्रामाणिक होता. त्यात चिठ्ठी होती. पुढाऱ्याचा मतदारसंघ पाहून मीठ पडत नव्हते. पुढे २००३ साली सरकारने परदेशी कंपनीची विमाने आणून पाऊस पाडण्याची मोहीम काढली. २०१५ साली औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, विमाने उडाली. खर्चाचा आकडा २७ कोटी रुपये. २०१९ साली मंत्रिमंडळाने ३० कोटी मंजूर केले. या मोहिमांत चिठ्ठी नव्हती. ढग दिसला की पेरायचा. मग पडलेल्या पावसातला मूळचा किती आणि पाडलेला किती, हे सांगायला आधारच उरत नाही. वर्तमानपत्रात आकडे आले, जनतेला दिलासा मिळाला, प्रश्न तिथेच राहिला. जुन्या प्रयोगाने कुणाला विचारले नाही, पण काही ज्ञान तरी दिले. नव्या मोहिमांनी जनतेचे नाव घेतले, तिला विचारले नाहीच आणि ज्ञानही दिले नाही.

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत त्याच पुण्याच्या संस्थेने सोलापूरला पुन्हा शिस्तीचा प्रयोग केला. २७६ ढग निवडले. त्यांतले काही पेरले, काही मुद्दाम सोडून दिले. २०२३ साली निष्कर्ष आला : वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्के वाढ, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. कोणताही ढग पेरून चालत नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले. विज्ञान असे पुढे जाते आणि आपण विज्ञानाच्या बाजूचेच आहोत. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात धरणे, वीज आणि नद्यांच्या नियोजनाचा पाया घातला. त्यांचा वारसा सांगणारा माणूस विमानाला आणि मिठाला घाबरणार नाही. आमचे भांडण विज्ञानाशी नाही. प्रश्न कुणी ठरवायचे, याच्याशी आहे.

प्रश्नाचा हक्क नाकारला की काय होते, याचे उदाहरण आमच्याच तालुक्याच्या डोळ्यांपुढे उभे आहे. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. पवनचक्क्या आल्या त्या काळात सातारा-सांगलीकडे शेतकऱ्यांनी ओरड केली की, ही पाती आमचे ढग पळवतात. आमच्याकडेही पारावर तेच बोलले जाई. शहरातली माणसे हसली. शास्त्र शहाण्यांच्या बाजूने होते : पाते शे-सव्वाशे मीटरवर संपते आणि पावसाचा ढग त्याहून पुष्कळ वर असतो. शेतकऱ्यांची समजूत चुकीची होती. पण ती कुठून आली? डोंगरावर कुणीतरी आला, रस्ता कापला, मनोरे उभे केले आणि खालच्या माणसाला कुणी काही सांगितले नाही. ज्याला सांगितले जात नाही तो स्वतःच कारण शोधतो. उत्तर चूक असेल. विचारण्याचा हक्क त्यामुळे चूक ठरत नाही.

पारनेरला हे नवे नसावे. १८८० साली इथेच जन्मलेले सेनापती बापट १९२१ पासून मुळशीच्या सत्याग्रहात उभे राहिले, ते मुंबईच्या विजेसाठी मावळ्यांना न विचारता त्यांची भातखाचरे बुडवली जात होती म्हणून. मात्र तेव्हापासून आजपर्यंत अशा प्रत्येक लढ्यात एक जागा रिकामी राहते. जमीन गेली तर मालकाची गेली, असे कागद सांगतो. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे काय गेले, हे लिहायला कागदावर रकानाच नसतो.

हा विषय आता बारामती-सोलापूरपुरता राहिलेला नाही. पृथ्वी तापते आहे. तिला थंड करण्यासाठी वरच्या हवेत बारीक कण फवारून सूर्याचा काही प्रकाश परतवून लावावा, असे संशोधन श्रीमंत देशांत चालू आहे. १९९१ साली फिलिपाईन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने असेच कण वर फेकले. पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली, पण पुढच्या वर्षी जमिनीवरचा पाऊसही घटला. एकाच गोलार्धात फवारणी केली तर पावसाचा पट्टा सरकतो, असे संगणकावरच्या गणितांत दिसते. म्हणजे दुसऱ्याच्या आभाळात घेतलेल्या निर्णयाने आमचा मृग कोरडा जाऊ शकतो. मधला पट्टा सोडून संसर्ग टाळण्याची सोय तिथे नाही.

या संशोधनात तिथल्या सामान्य माणसाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये एका फुग्याला एक किलोमीटर नळी बांधून नुसते पाणी फवारून पाहायचे होते. त्याआधी तीन शहरांतल्या साध्या नागरिकांना बसवून त्यांच्याशी सविस्तर चर्चा केली गेली. बहुतेकांनी संशोधन करायला हरकत घेतली नाही, पण प्रत्यक्ष वापराविषयी ते साशंक होते. पुढे पेटंटचा मामला आणि नियमांचा अभाव या कारणांनी २०१२ साली ती चाचणी रद्द झाली. स्वीडनच्या उत्तरेला किरुना इथे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा फुगा उडायचा होता. पहिल्या उड्डाणात काहीही फवारायचे नव्हते, फक्त यंत्रे तपासायची होती. तरी २०२१ साली तिथल्या सामी आदिवासींच्या परिषदेने पत्र लिहून विरोध नोंदवला, की आमच्या भूमीवर आम्हाला न विचारता हे कसे? उड्डाण थांबले आणि २०२४ साली तो प्रकल्पच बंद झाला. रेनडियर पाळणाऱ्या लोकांचा शब्द हार्वर्डला ऐकावा लागला. सामींची संघटना आहे, परिषद आहे, पत्राला वजन आहे. आमच्या बाजूने पत्र कोण लिहील?

इथे 'लोकसहभाग' हा शब्द पुढे येतो आणि मी सावध होतो. प्रस्थापितांना हा शब्द आवडू लागला की त्याची झडती घेतली पाहिजे. लोक म्हणजे कोण? ग्रामसभेला विचारा, असे म्हणणे सोपे आहे. आमच्याकडची ग्रामसभा मी पाहिलेली आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आमच्या माणसाला आणि बाईला सदस्यत्व दिले, हा मोठा लाभ. पण सभा भरते ती कामाच्या वेळी, बहुधा देवळापुढे, बोलतो बागायतदार, आमची माणसे मागे उभी राहून निघून जातात, कारण रोज बुडवून सभा परवडत नाही. उद्या विमान उडवण्याआधी अशा सभेचा ठराव घेतला, तर त्यावर गावाची संमती म्हणून शिक्का बसेल आणि आमचे मौनही त्यात जमा धरले जाईल. न विचारण्यापेक्षा हे अधिक घातक आहे.

मग कसे विचारायचे? दोन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट याच मातीतली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की, पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही. पाण्याचा हक्क सातबाऱ्यापासून सोडवता येतो, हे महाराष्ट्रात एकदा करून दाखवलेले आहे. जमिनीवर साठलेल्या पाण्याला हा नियम लागू होतो, तर आभाळातून पाडायच्या पाण्याला का नाही?

दुसरी गोष्ट त्या जुन्या प्रयोगातच आहे : चिठ्ठी. कोणत्या भागावर मीठ पडावे हे मर्जीवर सोडले तर निकाल बिघडतो, हे शास्त्रज्ञांना मान्य होते. मग कुणाचा शब्द घ्यायचा हे मर्जीवर सोडले तर निकाल बिघडत नाही काय? फ्रान्सने २०१९ साली हवामानाच्या धोरणावर बोलण्यासाठी १५० सामान्य नागरिक अशाच सोडतीने निवडले. ज्या मुलखावर पाऊस पाडायचा, तिथल्या मतदारयादीतून चिठ्ठ्या काढा. त्या यादीत कारखान्याचा संचालक आणि कोपी करून राहणारी ऊसतोड बाई यांचे नाव एकेकदाच असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि जीवनात विषमता, हा विरोध फार काळ चालणार नाही. मतपेटीबाहेर त्या समतेचा एक उपयोग तरी करून पाहू. निवडलेल्यांना बुडालेल्या दिवसाचा रोज द्या. बैठक शाळेत किंवा समाजमंदिरात घ्या. शास्त्रज्ञांनी तिथे यावे, प्रयोग मराठीत समजावून द्यावा आणि मग लोकांनी ठरवावे की पर्जन्यमापक कुठे बसवायचे, विहिरींबरोबर हजेरीपटही मोजायचा का, नुकसान झाले तर कुणी भरायचे. प्रयोग नको, असे म्हणण्याचाही हक्क त्यांना असावा, नाहीतर हे सगळे नाटक ठरेल.

यावर आक्षेप येईल की, ढग कुणाच्या बैठकीसाठी थांबत नाही. खरे आहे. पण तो प्रयोग तेरा-चौदा वर्षे रेंगाळला. बैठकीला वेळ नव्हता असे कुणी म्हणू नये. दुसरा आक्षेप अडाणीपणाचा. त्याला माझ्या आईचे दोन प्रश्न हे उत्तर आहे.

एक जुनी गोष्ट सांगून थांबतो. गावागावांत शिवेचा तंटा उभा राहिला की महाराला बोलावीत. शीव कुठून कुठे जाते हे त्याला ठाऊक असे आणि त्याचा शब्द प्रमाण मानीत. ज्याच्या मालकीची वीतभर जमीन नसे, त्याच्या साक्षीवर गावाची हद्द ठरे. ते वतन वेठीचे होते. ते गेले हे उत्तमच झाले, आणि त्याचा गौरव मला करायचा नाही. पण जमिनीवर राबणाऱ्याला जमिनीचे ज्ञान असते, एवढे तरी त्या व्यवस्थेनेही मान्य केले होते. शंकरराव खरातांनी आपल्या आत्मचरित्राला १९८१ साली 'तराळ-अंतराळ' हे नाव दिले. तराळकीपासून अंतराळापर्यंतचा तो प्रवास एका माणसाने आपल्या कर्तबगारीवर केला. आज त्या अंतराळात मीठ पेरले जाते आहे. तिथली हद्द ठरवतानाही साक्ष घेतली पाहिजे. आणि या वेळी ती वेठ म्हणून नको, नागरिकाचा हक्क म्हणून हवी.

पुढचा दुष्काळ येईल, तसे विमानही येईल. आमच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना माझी सूचना आहे की, ते येण्याआधी वाड्यावाड्यांत बसून आपले प्रश्न लिहून काढावेत. माझ्या आईचे दोन त्यात पहिले घालावेत.